डाव्या हाताचं होल्स्टर

दाजीच्या दुकानात एक पत्र्याचा डबा आहे. दुरुस्तीला टाकून लोक न्यायला विसरले, अशा एकेकट्या चपला त्यात पडलेल्या असतात. उजवी एकाची, डावी भलत्याचीच. दाजी त्यातली एकही टाकत नाही. "येतलो कोणतरी," म्हणतो. आमच्या मंडळींचे किस्से असेच साठत गेले. कुणी मुद्दाम जमवले नाहीत. दुकानात बसून बसून पडत गेले आणि डबा भरला. आज त्यातले थोडे बाहेर काढतो. सगळे एकाच वस्तूचे आहेत, आमच्या परब सरांच्या पिस्तुलाच्या होल्स्टरचे. म्हणजे पिस्तूल ठेवायचं, कमरेला अडकवायचं पाकीट असतं ना, ते!

घाबरू नका. परब सर आमच्या हायस्कूलचे पी.टी.चे शिक्षक आणि पिस्तूल म्हणजे शर्यत सोडायचं, शाळेच्या मालकीचं. त्यात गोळी नसते, कॅप असते. घोडा ओढायचा, कॅप बसवायची, चाप दाबायचा. मोठ्ठा आवाज, चिमूटभर धूर आणि पोरं सुटतात.

मालवणपासून फार लांब नाही असं आमचं किनाऱ्यावरचं गाव. मी त्याच शाळेत ड्रॉईंग मास्तर. दाजीचं चपलांचं दुकान गावच्या तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे. चौथा गुरू. त्याचं कसालला पाईप फिटिंगचं आणि पंप दुरुस्तीचं वर्कशॉप, पण घर आमच्या गावात. संध्याकाळी चौघांची बैठक दाजीकडे.

एक सांगायचं राहिलं. जन्मभर हातोडी आपटून दाजीला ऐकू कमी येतं. कमी म्हणजे किती? एस्टी दुकानासमोरून हॉर्न मारत जाते आणि हा विचारतो, "आज गाडी येवक नाय?"

*

पूर्वी सर पिस्तूल ट्रॅकपँटच्या कमरेला खोचायचे. ट्रॅकपँट जुनी, इलॅस्टिक त्याहून जुनं.

एका सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर लगेच शर्यती होत्या, म्हणून सर तयारीतच उभे. राष्ट्रगीत सुरू झालं. सर सावधान. मी त्यांच्या मागच्या रांगेत. बघतो तर कमरेवरचा फुगवटा नाहीसा झालेला! मग तो मांडीवर दिसला. मग गुडघ्यापाशी थोडा थांबला. सरांची मान ताठ, नजर झेंड्यावर. राष्ट्रगीत संपता संपता पिस्तूल पँटच्या पायातून बाहेर आलं आणि बुटावर जाऊन बसलं.

प्रमुख पाहुणे निवृत्त अधिकारी होते. त्यांनी वाकून पाहिलं. "हे काय?"

सर अजून सावधानमध्येच. "स्टार्टर, साहेब. जरा लवकर सुटला!"

संध्याकाळी ही हकीकत दाजीच्या कानात ओरडून सांगितली. तो गंभीरपणे म्हणाला, "सर, तुमच्या कंबरेक इजार रवणा नाय, पिस्तूल खंयसून रवतला?" आणि त्याने दुसऱ्या दिवशी कातडं काढलं.

*

पहिलं होल्स्टर नुसत्या कातड्याचं होतं. दाजीने जाड कातडं पाण्यात भिजवलं, पिस्तुलाला प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलं, त्यावर ते ओलं कातडं दाबलं आणि लाकडाच्या गुळगुळीत तुकड्याने घासत बसला. दोन दिवसांनी वाळल्यावर कातड्यात पिस्तूल उमटलेलं! चाप, घोडा, नळी, सगळं. मी इतकी वर्षं पोरांना रेघ शिकवतोय, पण तशी रेघ माझ्या हातून कधी आली नाही. हे मी त्याला तेव्हाच सांगितलं. त्याला ऐकू आलं नाही.

सर ते लावून तालुक्याच्या स्पर्धांना जाऊन आले. छाती दोन इंच पुढे.

मग पावसाळा आला. आमच्याकडे पावसात कपाट बंद ठेवलं की आत काय उगवेल ते सांगता येत नाही. श्रावणात सरांनी कपाट उघडलं आणि तसेच तरातरा दुकानात आले. "दाजी, पिस्तुलाक लोकर इली रे!"

होल्स्टरवर पांढरीशुभ्र बुरशी.

दाजीने ते पुसलं, विचार केला आणि त्याला होडीला लावतात ते माशाचं तेल चोपडलं. "होडयेचा लाकूड समुद्रात कुजणा नाय, तर ह्या कपाटात कित्याक कुजतला?" उपाय लागूही पडला. पुन्हा म्हणून बुरशी आली नाही.

मांजरं आली.

सर जिथे जातील तिथे मागे मांजरं. बाजारात दोन, शाळेच्या फाटकापर्यंत चार. निवड चाचणीच्या दिवशी सर स्टार्टिंग लाईनला उभे आणि त्यांच्या पायाशी ओळीने पाच मांजरं. सर म्हणाले, "ऑन युवर मार्क!" पोरं बसली. मांजरं आधीच बसलेली होती.

आमच्या मुख्याध्यापिका सावंत मॅडम चष्मा वर करून म्हणाल्या, "परब सर, ही कुठल्या गटातली?"

"खुला गट, मॅडम!"

त्या होल्स्टरचा शेवटही मांजरांनीच केला. परब वहिनींनी ते अंगणात कोकमाच्या सोलांच्या शेजारी उन्हाला ठेवलं होतं. निम्मं माडाखाली मिळालं. उरलेल्या निम्म्याचा तपास अजून चालू आहे.

*

पुढचं हसत सांगता येत नाही, म्हणून पटकन सांगतो.

त्यानंतरच्या वर्षी मे महिन्यात सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, हात आला नाही. तीन महिन्यांनी सर दुकानात आले तेव्हा उजवा हात त्यांनी पँटच्या खिशात ठेवला होता. ठेवला होता म्हणजे, डाव्या हाताने उचलून ठेवला होता. मी तो पाहिला आणि मला रस्त्याकडे बघावं लागलं. ह्या माणसाने मला चाळिशीत सायकल शिकवली होती, त्याच हाताने सीट धरून.

पुढच्या उन्हाळ्यात सर रिटायर होणार होते. म्हणजे त्यांच्या हातातल्या वार्षिक क्रीडास्पर्धा एकदाच उरल्या होत्या, डिसेंबरातल्या.

सरांनी डाव्या हाताने चहाचा ग्लास ठेवला. "माका दुसरा काय एक नको. शेवटची शर्यत माझ्या हातान सुटाक व्हयी. हात खंयचोय चलात."

गुरू छपराकडे बघत राहिला.

"काय म्हणतत?" दाजीने विचारलं.

सरांना तेच वाक्य पुन्हा बोलावं लागलं, ह्या वेळी ओरडून. अख्ख्या तिठ्याने ऐकलं. समोरचा नारळवाला सोलायचा थांबला. पानपट्टीवरचं बोलणं बंद झालं. मग दाजी म्हणाला, "मगे इतक्या हळू कित्याक सांगतत?"

*

सावंत मॅडम मनाने चांगल्या. त्यांना सरांना त्रास नको होता. त्या म्हणाल्या, "सर, आता मोबाईलवर ॲप असतं. बंदुकीचा आवाज येतो. स्पीकरला जोडू. तुम्ही नुसते खुर्चीत बसा."

सर शाळेत प्रमाण मराठीच बोलतात. "जशी आपली इच्छा, मॅडम," एवढंच म्हणाले.

सरावाच्या दिवशी स्पीकर मैदानात आणला. फोन मॅडमचा. आठ पोरं रेषेवर. सर खुर्चीत. मॅडम माईकवरून म्हणाल्या, "ऑन युवर मार्क... सेट..." आणि बटण दाबणार एवढ्यात मॅडमच्या आईचा फोन आला!

स्पीकरमधून रिंगटोन दणाणला आणि आठही पोरं जीव खाऊन पळाली. पार टोकाला पोहोचली. मॅडम "थांबा, थांबा" म्हणतायत आणि फोन उचलला गेल्यामुळे सगळ्या मैदानाला ऐकू येतंय, "गो, जेवलंस काय?"

सर खुर्चीतून उठले. आजारानंतर पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. "मॅडम, आईंना सांगा, फॉल्स स्टार्ट!"

ॲप त्या दिवशीच बंद झालं. मॅडम म्हणाल्या, "सर, पिस्तूल तुम्हीच चालवा. पण एका हाताने कॅप कशी भरणार? अडलं तर मी शिट्टी घेऊन उभी राहीन."

प्रश्न बरोबर होता. पिस्तूल धरायला एक हात लागतो, घोडा ओढून कॅप बसवायला दुसरा.

*

तो प्रश्न दुकानात आला. दाजी खूप वेळ सरांच्या खिशातल्या हाताकडे बघत होता. मग म्हणाला, "दुसरो हात आपण शिवया."

म्हणजे काय, ते त्याने समजावून सांगितलं. होल्स्टर डाव्या कमरेला लावायचं. त्याने पिस्तूल इतकं घट्ट धरायचं की सरांनी डाव्या हाताने घोडा ओढला, कॅप बसवली, तरी ते हलता कामा नये. आणि उपसलं की लोण्यासारखं सुटलं पाहिजे. घट्टही हवं आणि सैलही हवं!

"कातडा इतक्या धरूचा नाय," दाजी स्वतःच म्हणाला. "पावसात फुगता, उन्हात आटता. आणि मांजरां आसतच."

"पाईप!" गुरू ओरडला. गुरूला जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर पाईप वाटतं, पण ह्या वेळी ते खरं होतं. पीव्हीसीचा जाड पाईप उभा चिरायचा, तापवून सपाट पत्रा करायचा, पुन्हा तापवून मऊ झाला की पिस्तुलावर दाबायचा. गार झाला की तोच आकार कायमचा. आतून पाईप, बाहेरून कातडं.

तापवायचा कुठे? गुरू बागेतले पाईप वाकवायला नारळाच्या सोडणांचा जाळ करतो, पण जाळावर तुकडा करपला. उकळत्या पाण्याची वाफ हवी होती. मग रविवारी सकाळी, वहिनी देवळात गेलेल्या असताना, सरांच्या स्वयंपाकघरात आम्ही मोदकपात्र चढवलं.

पाईप मऊ झाला. गुरूने फडक्याने उचलला, दाजीने पिस्तुलावर टाकला, मी वरून पाट ठेवला आणि आम्ही तिघे पाटावर बसलो. बसायला सांगितलं नव्हतं, पण उत्साह!

दहा मिनिटांनी उठलो. पाईप पिस्तुलावर असा आवळला होता की पिस्तूल निघेना. ओढलं, हलवलं, आपटलं. शाळेचं पिस्तूल पांढऱ्या प्लॅस्टिकच्या गोळ्यात गडप! शेवटी गुरूने करवत लावली आणि तेवढ्यात वहिनी दारात.

त्यांनी मोदकपात्राकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, करवतीकडे पाहिलं. आम्ही शाळकरी पोरांसारखे उभे.

"गणपतीक आता मी मोदक खंय उकडू?"

सर खाली मान घालून म्हणाले, "गो, तुका नवीन आणतंय."

वहिनींनी करवतीत अडकलेलं ते गाठोडं हातात घेतलं, उलटसुलट केलं. "तेलाचो हात लावल्याशिवाय साच्यात कोण घालता?" म्हणाल्या आणि पूजेचं ताट ठेवायला आत गेल्या. आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

*

करवतीत पिस्तूल वाचलं, पण मॅडमनी त्यावर पुन्हा प्रयोग करू द्यायला साफ नकार दिला. तेव्हा त्याची लाकडी प्रतिकृती हवी. काम माझ्याकडे आलं.

मी फणसाचं लाकूड घेतलं. आठवडाभर तासलं, घासलं, पॉलिश पेपर मारला. कलावंताला थांबायचं कुठे ते कळत नाही. शेवटी मी त्याला काळा रंगही दिला आणि पिशवीत घालून गुरूच्या वर्कशॉपकडे निघालो. कसालच्या हायवेला स्कूटर थांबवून हवालदार म्हणाला, "पिशवीत काय?"

मी उघडून दाखवली. "साहेब, लाकडी आहे. मी ड्रॉईंग टीचर आहे."

त्याने ते बाहेर काढलं. टकटक वाजवलं. नाकाला लावलं. "फणस?"

"होय, साहेब."

"रंग खंयचो?"

त्याने खिशातून डायरी काढली. संपलं, आता नाव लिहून घेणार! मी नाव सांगायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, "तुमचा नाव नको, रंगाचा सांगा. माझ्या पुढच्या दाराक ह्योच लावतंय."

वर्कशॉपमध्ये त्या लाकडावर पाईप झकास बसला. वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे तेलाचा हात लावला होता. पण खरं पिस्तूल त्यात घातलं, तर बाहेर येताना अडकलं. पुन्हा घातलं, पुन्हा अडकलं. गुरू पाईपला शिव्या घालत होता. दोष पाईपचा नव्हता. नळीच्या टोकाला नेम धरायचा एक बारीक उंचवटा असतो. त्याने रेघ बिघडत होती, म्हणून मी तो घासून टाकला होता!

सगळं नाटक पुन्हा करायचं होतं. मी वर्गातली शिसपेन्सिल उभी चिरली आणि अर्धी त्या लाकडाच्या माथ्यावर नळीच्या लांबीभर चिकटवली. आता पाईप दाबला की आत उंचवट्यासाठी वाट राहणार. दाजी म्हणाला, "मास्तरांची पेन्सिल पहिल्यांदाच कामाक इली."

*

मग दाजीचं काम. तो प्लॅस्टिकला शेवटपर्यंत नावंच ठेवत होता. "ह्या पाईपाक घाम येणा नाय. ह्येका माणसाची सवय होतली कशी?" पण त्या कवचाभोवती त्याने कातडं असं बसवलं की आत पाईप आहे हे सांगितल्याशिवाय कळू नये. दोन सुया, एकाच भोकातून दोन्हीकडून मेणाचा दोरा. एका कडेला स्क्रू आणि मधे गुरूने दिलेला नळाचा रबरी वायसर. स्क्रू आवळला की पकड घट्ट, ढिला केला की सैल. पुढे कॅप ठेवायला छोटी डबी, अंगठ्याने उघडेल अशी.

महिनाभर सर रोज दुकानात आले. डाव्या हाताने घोडा ओढायचा, कॅप बसवायची, उपसायचं, हात वर, पुन्हा आत. आत गेलं की 'टक्' असा आवाज. आधी कॅप खाली पडायच्या. सर वाकून उचलायचे आणि आम्ही उचलायला गेलो की ओरडायचे. पंधरा दिवस हेच. एकदा त्यांनी चिडून पट्टा काढला आणि टाकला. "होवचा नाय माझ्याच्यान."

दाजीने तो उचलला, स्क्रू एक चिमूट फिरवला, मेणबत्ती आतून घासली आणि पुन्हा सरांच्या कमरेला बांधला. सर पुन्हा सुरू झाले.

तिसऱ्या आठवड्यात एके संध्याकाळी पहिल्यांदा सगळं जुळलं आणि सरांनी आनंदाच्या भरात दुकानातच चाप ओढला. धडाम्! नारळवाल्याच्या हातून नारळ सुटला. पानपट्टीवरचे दोघे खाली बसले. गुरू टेबलाखाली. मी कुठे होतो ते सांगत नाही.

दाजी खाली मान घालून चप्पल शिवत होता. वर न बघता म्हणाला, "ओढा मरे आता! कितको वेळ तो?"

*

डिसेंबरात शाळेच्या स्पर्धा. मैदानाला सुरूच्या झाडांची सावली, पलीकडे समुद्र. गाव लोटलेलं, कारण सरांचं ते वाक्य सगळ्या तिठ्याने ऐकलेलं. वहिनी पहिल्या रांगेत. सावंत मॅडम शिट्टी हातात घेऊन उभ्या. दाजी दुकान बंद करून आला होता. तो दुकान फक्त गणपतीला आणि जत्रेला बंद ठेवतो.

शंभर मीटर. आठ पोरं रेषेवर.

सर आले. इस्त्रीची पांढरी पँट, उजवा हात खिशात, डाव्या कमरेला होल्स्टर. त्यांनी अंगठ्याने डबी उघडली. कॅप काढली. घोडा ओढला. कॅप बसेना. दुकानात हे बिनदिक्कत व्हायचं, पण दुकानात एवढं गाव नव्हतं. कॅप पडली. सरांनी दुसरी घेतली. मी बघितलं, मॅडमनी शिट्टी तोंडाशी नेली आणि मग मुठीत मिटून पाठीमागे धरली.

दुसरी कॅप बसली. होल्स्टर तसूभर हललं नव्हतं.

"ऑन युवर मार्क... सेट..."

डावा हात खाली गेला, वर आला. धडाम्!

आवाज सुरूच्या झाडांतून पार किनाऱ्यावर गेला.

आणि एकही पोर पळालं नाही!

आठच्या आठ पोरं मान वळवून सरांकडेच बघत होती. मग त्यातल्या एकाने टाळी वाजवली, मग आठही जणांनी, मग सगळ्या गावाने. मला समोरचं दिसेना. गुरू तर उघड उघड रडत होता. वहिनी मात्र बसल्या होत्या तशाच, पदर हातात घट्ट धरून.

दाजीने माझं मनगट धरलं. "वाजला?"

मी मान हलवली.

फक्त सर संतापले होते. लाल झाले होते. प्रमाण मराठी कुठल्या कुठे! "फॉल्स स्टार्ट! सगळे फॉल्स स्टार्ट! धावाक इलास काय माका बघूक? मागे व्हा!"

मॅडम भीत भीत म्हणाल्या, "सर, कुणी पळालंच नाही, तर फॉल्स स्टार्ट कसा?"

"मॅडम, माझी कॅप फुकट गेली!"

आणि सरांनी पुन्हा अंगठ्याने डबी उघडली. पुन्हा पहिल्यापासून. गाव वाट बघत उभं राहिलं. त्या दिवशी बावीस शर्यती झाल्या. बावीसच्या बावीस त्याच हाताने सुटल्या. स्पर्धा संपायला दिवस मावळला, पण कुणी तक्रार केली नाही. शेवटच्या दोन शर्यतींना एक मांजर मात्र रेषेपाशी येऊन बसलं होतं. मी दाजीकडे बघितलं. तो दुसरीकडे बघत होता.

*

उन्हाळ्यात सर रिटायर झाले. पिस्तूल शाळेचं, त्यामुळे निरोप समारंभात त्यांनी ते मॅडमच्या हाती दिलं. होल्स्टर त्यांचं होतं, ते कमरेला तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दुकानात आले. पट्टा बांधलेला, आत काही नाही. खाली बसले. मग म्हणाले, "दाजी, ह्याका रिकामा बघवणा नाय रे."

दाजीने ते ऐकलं की नुसतं बघितलं, मला माहीत नाही. तो उठला, एकेकट्या चपलांचा डबा ओढला, खालपर्यंत हात घातला आणि माझं फणसाचं पिस्तूल बाहेर काढलं. पेन्सिल अजून चिकटलेली. कुणी टाकलं होतं त्यात, देव जाणे. "ह्या ठेवा," म्हणाला. सरांनी ते आत घातलं. टक्! बसणारच. होल्स्टर त्याच्याच अंगावर बेतलेलं होतं.

त्यानंतर ऐकायला यायला लागलं की पहाटे ओहोटीला सर किनाऱ्यावर असतात आणि पोरं सरावाला येतात. पोरांना कुणी बोलावलं नव्हतं. मला खरं वाटेना. मागच्या रविवारी मी दाजीला घेऊन बघायला गेलो. पालथ्या होडीच्या आडोशाला उभे राहिलो.

ओल्या वाळूत सरांनी बुटाच्या टोकाने रेघ मारली. दहा-बारा पोरं रेघेवर आली. सरांनी अंगठ्याने डबी उघडली. डबी रिकामी होती, तरी दोन बोटांनी काहीतरी काढलं. लाकडी घोड्यावर ते बसवलं, अगदी सावकाश, जसं बसवायला हवं तसं. पोरं गुडघ्यावर थांबली होती. एकही हललं नाही.

"सेट..."

डावा हात वर गेला.

पोरं सुटली! सगळी एकदम, एका क्षणाचाही फरक नाही. वाळू उडाली, बगळे उठले.

मी थक्क. दाजीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "दाजी, आवाज नाय, काय नाय, पोरां सुटली कशी?"

दाजीने माझ्याकडे नवल केल्यासारखं बघितलं.

"मास्तर, केवढ्यान वाजला! तुमका ऐकाक येवक नाय?"